डावा खांदा

कात्रीने शर्ट खालून वर कापत सिस्टर गळ्यापर्यंत आली आणि दोन्ही भाग तिने बाजूला सारले. शर्ट तिच्या नवऱ्याचा होता. सकाळी तिनेच इस्त्री केलेला.

"अगं, बटणं होती त्याला," कपाळावरच्या पट्टीखालून नवरा हसायला बघत होता. "वीस वर्षांचं उट्टं काढतेस का?"

"बडबड नको. इथे दाबलं की दुखतं?"

"तू विचारलंस की दुखतं."

ती पोट दाबत होती, पण बघत होती त्याच्या चेहऱ्याकडे. पोट मऊ. नाडी चौऱ्याऐंशी. सोनोग्राफी स्वच्छ. अपघात विभागातले डॉक्टर "सुटलात सिस्टर" म्हणून पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

राहिली कातडी. पोटाला मार बसला की रक्त आतल्या आत साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून नव्या नर्सना ती पहिल्याच दिवशी बजावायची, माणूस काय सांगतो ते नंतर ऐका, आधी कातडी बघा.

सीटबेल्टचा लालजांभळा पट्टा उमटला होता. डाव्या खांद्यावरून निघालेला, छातीवरून तिरपा, उजव्या कमरेशी उतरलेला. तिने त्यावरून बोट फिरवलं. कमरेशी आल्यावर बोट तिथेच राहिलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच. एकटाच होतो म्हटलं ना. कुत्रं आडवं आलं."

चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्यावरून येतो तो शेजारी बसलेल्याचा.

तिने चादर त्याच्या छातीवर ओढली, कडा नीट खोचल्या.

"ती कुठे आहे?"

"कोण?"

"माझ्याकडे बघ."

तो छताकडे बघत राहिला.

मुलगी एकोणीस वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी तिला फिट आली होती. वर्षभर पुन्हा आली नाही तरच गाडी, असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून तसं ठरलंही होतं. तिघांनी ठरवलं होतं.

"मोकळ्या रस्त्यावर फक्त," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा. इतकी छान चालवते गं! घरात नुसती कोंडून..."

"कुठे आहे?"

"घरी. काही झालेलं नाही तिला, स्वतःच्या पायांनी उतरली. लोक जमायच्या आत एका भल्या माणसाच्या गाडीत बसवून दिलं. तुला कळलं असतं तर तू..."

ती फोन घेऊन खिडकीशी गेली होती.

"आई?" आवाज झोपाळलेला. "काही नाही गं, पडलेय जरा. खांदा दुखतोय. अवघडला असेल."

"कुठला?"

"तू ओरडणार आहेस का?"

"कुठला खांदा, बाळा?"

"डावा. आडवं पडलं की जास्तच. बाबांना सांगितलं मी फोनवर. ते म्हणाले, गोळी घे आणि झोप."

डावा. पण पट्टा तर तिच्या उजव्या खांद्यावरून गेला असणार. डाव्याला दुखायचं काही कारणच नव्हतं. कारण होतं ते खाली, बरगड्यांच्या आड. प्लीहा फाटली की रक्त छातीच्या पडद्याखाली साचतं आणि कळ निघते डाव्या खांद्यात. पोट तोवर गप्प असतं. हे तिने घरी किती वेळा सांगितलं होतं! निदान जेवताना तरी नको, असं म्हणून नवरा ताट उचलून टीव्हीपुढे जाऊन बसायचा.

"उठू नकोस. पाणीसुद्धा पिऊ नकोस. शेजारच्या काकू दार उघडतील, अ‍ॅम्ब्युलन्स येतेय."

बावीस मिनिटांत मुलगी ट्रॉलीवर होती.

नाडी एकशे तीस. ओठ पांढरे. दोन्ही हातांत जाड सुया. सोनोग्राफीच्या पडद्यावर प्लीहेभोवती काळी कड, बघता बघता रुंदावणारी. रक्ताच्या पिशव्या मागवल्या. सर्जन हात धुवायला गेले. या सगळ्यात सिस्टरचे हात आपापली कामं करत होते, ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत होती.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई घाईघाईने आल्या. "सिस्टर, लिहून घ्या पटकन. मागची फिट कधी?"

"आठ महिने झाले." तिने तारीखही लिहिली. खाली 'माहिती देणारी व्यक्ती' असा रकाना होता, त्यात लिहिलं, आई.

मुलगी आईकडे बघत नव्हती. मान वळवून पलीकडच्या खाटेकडे बघत होती.

"सांगू?" तिने विचारलं. आईला नाही.

पलीकडून नवऱ्याने घसा खाकरला.

"गेल्या महिन्यात एक आली होती," तो म्हणाला. "त्याच्या आधी एक."

"आणखी?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"आज. वळणावर."

सिस्टरने तारीख खोडली. मग 'आई' खोडलं, वर 'वडील' लिहिलं आणि कागद डॉक्टर बाईंच्या हातात दिला.

"फिटच्या गोळ्या किती चुकल्या, केव्हा चुकल्या, सगळं ह्यांना विचारा," ती म्हणाली. "मला माहीत नाही."

आणि वाकून तिने मुलीच्या ट्रॉलीचा ब्रेक काढला.