कमळाच्या नाकावरून पाहिलेला रिफंड

मी कमळाचा चष्मा, आणि आज मला बोलल्याशिवाय राहवत नाही!

मी काही डॉक्टरांनी लिहून दिलेला नव्हे. रत्नागिरी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर टांगलेला होतो. कमळाने घासाघीस करून मला घेतलं. तिच्या घरची मासेमारीची होडी आहे. मी दिवसभर तिच्या गळ्यात लोंबतो, अंगावर खवले झेलतो. ती मला पदराने पुसते, म्हणजे आणखी धूसर करते.

पण त्या दिवशी काय धमाल झाली! बँकेने ठेवीच्या व्याजातून कापलेला कर कमळाला परत मिळायचा होता. मुलगा रूपेशने विवरणपत्र भरलं होतं. त्या पैशांत नवं जाळं घ्यायचं ठरलेलं. दुपारी मेसेज आला, ‘रिफंड मंजूर. आजच ९९९ रुपये फी भरा, नाहीतर रद्द.’ खाली लिंक आणि फोन नंबर.

रूपेश हुरळला. “आये, भरून टाकतो!” त्याचं बोट लिंककडे निघालं. माझ्या काचांना घाम फुटला. आता खातं रिकामं होतंय!

कमळाने फोन हिसकावला, मला नाकावर चढवलं, मेसेज दोनदा वाचला आणि तो नंबर लावला.

“माजे पैशे तुज्याकडंच हायत ना? मग तुजी फी त्यातनाच काप, उरल्याले धाड.”

“मॅडम, तसं होत नाही. फी आधी भरावी लागते.”

“का नाय होत? आमच्या बंदरावरचा दलाल मासळी विकतो, दलाली कापतो, उरल्याले हातात देतो. आधी पैशे मागणारा दलाल मी जल्मात बघितला नाय!”

पलीकडून फोन बंद! मी तर नाकावर नाचलोच.

रूपेशने आयकर खात्याची साइट स्वतः उघडून पाहिली. रिफंडचं काम चालू होतं, फीचं नावही नव्हतं. तो ओशाळला. आणि आज सकाळी सगळे पैसे खात्यात जमा, फुकटात!

कमळाने ही गोष्ट बंदरभर सांगितली. शेजारची गोदा मात्र हसली नाही. तिने मला मागून घेतलं, स्वतःच्या फोनवरचा महिन्यापूर्वीचा मेसेज वाचला. तोच मजकूर. तिने पैसे भरले होते.

“कमळे, तवा तुला इचारायला लाज वाटली गो.”

तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेला लागलं. माझी एक काडी मोडून जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली आहे, किती दिवस टिकेन ठाऊक नाही. म्हणून आजच हात जोडून सांगतो, असा मेसेज आला की आधी कुणाला तरी विचारा. फी मागणारा लाजत नाही, मग विचारणाऱ्याने का लाजायचं?