बिल्टीवरची सही

पेटीची उजवी बाजू आत दबलेली मला लांबूनच दिसली. जीवन ड्रायव्हरला ती अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत दिसली नव्हती म्हणे.

आत माझं मशीन होतं, संत्री धुऊन मेण लावायचं. तोडणी आठ दिवसांवर आली होती. या वर्षी व्यापाऱ्याच्या हातापाया पडणं बंद, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं. मशीनचा रस्त्यातला विमा मीच काढला होता आणि बारीक अक्षरही मीच दोनदा वाचलं होतं. माल घेताना नुकसान दिसलं तर ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, तिथंच लिहायचं. 'माल बरोबर' म्हणून सही दिली, की भरपाई मागताना तीच सही आडवी येते.

"पहिले फळी उघडू, मंग सही," मी म्हटलं.

"वहिनी, कायले टेन्शन घेता? आमच्या ट्रकचा फुल विमा हाय."

"तो ट्रकचा हाय. माहं मशीन का तुह्या ट्रकचं चाक हाय?"

पहार आणून मी फळी उचकटली. रोलर वाकलेला, मोटरचं कव्हर फुटलेलं. मागे वळले, तर जीवन बिल्टीची घडी खिशात घालत होता. शेजारी माझे सासरे किसनराव चहाचा कप घेऊन उभे. त्यांनी सही करून टाकली होती.

"मामाजी, कावून केली?"

"अवं, चहा घेतला त्यानं आपल्या घरी. घाईत हाय तो. कागदच तं हाय."

घरी चहा प्यायलेल्या माणसावर संशय घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्या रीतीचा मला असा संताप आला, की पहार हातात घेऊनच मी ट्रकच्या दारापुढे उभी राहिले.

"बिल्टी काढ, जीवनभाऊ."

"सही झाली ना, वहिनी."

"माल कोनाच्या नावावर हाय? विमा कोनाच्या? त्या नावाची सही दाखव, मंग हालव गाडी."

गल्ली जमली. मामाजी पुटपुटले, "शकुन, चारचौघात..."

"चारचौघातच," मी म्हटलं.

कागद निघाला. प्रत्येक प्रतीवर मी लिहिलं: पेटी फुटलेली, रोलर वाकलेला, कव्हर तुटलेलं. खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ.

जीवन हसला. "पन वरती तं 'माल बरोबर' लिवलं हाय. विमावाले कोनाचं खरं मानतीन?"

डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

मामाजींनी कप ओट्यावर ठेवला. चष्मा लावून मी लिहिलेलं सावकाश वाचलं आणि पेन मागितलं. तीस वर्षं गल्लीत ज्यांचा शब्द कुणी खोडला नव्हता, त्या माणसानं स्वतःच्या सहीखाली लिहिलं: 'ही सही मी माल न पाहता केली. चूक माझी. किसनराव गावंडे.'

मग पेन जीवनपुढे धरलं.

"आता तू कर," ते म्हणाले. "पेटीत पाहून कर."