उलटा नळ

त्या घरात प्लंबरला मज्जाव होता. हुकूम सासऱ्यांचा. "नळ गळतो म्हणून परका माणूस बोलवायचा? मी काय मेलोय?" असं म्हणत ते पान्ह्यांचा डबा काढून बसायचे. मग दुपारभर स्वयंपाकघरात राडा, वैताग, आणि "हे धर गं जरा, असं नाही, तसं" हा सुनेवर मारा. ती बिचारी बॅटरी धरून हात मोडेस्तोवर उभी. पण सासऱ्यांना सांगणार कोण? हट्टाला पेटलेला माणूस नळापुढे बसला की त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

ओट्यावरचा नळ ही त्यांची शेवटची करामत. दुकानातून ते चुकून गरम पाण्याच्या बाजूचा स्पिंडल घेऊन आले, म्हणजे नळाच्या चावीखालचा तो पितळी दांडा, आणि थंड पाण्याच्या नळात बसवून मोकळे झाले. झालं! नळ उलटा फिरू लागला. जगाचे नळ उजवीकडे फिरवले की बंद होतात, यांचा डावीकडे. घरातल्यांच्या हाताला सवय लागली, पाहुणे मात्र चिंब व्हायचे. कुठे बाहेर जायचं असलं की सगळे चपला घालून दारात ताटकळत असायचे आणि सासरे पुन्हा आत जाऊन चावी डावीकडे दाबून यायचे. त्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे.

ते गेले, आणि वर्षभरात नळ ठिबकायला लागला. सुनेने पहिल्यांदाच प्लंबरला फोन केला. फोन करताना तिला उगीच चोरी केल्यासारखं वाटलं. प्लंबर आला, नळ उघडला आणि हसत सुटला. "हे कोणी बसवलंय? धन्य आहे!" सुनेला हसू आलं नाही, उलट त्याचा रागच आला. त्याने नवा स्पिंडल टाकला, नळ चारचौघांसारखा सरळ केला आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्याच दिवशी सून कामावरून आली तर नळ धो धो वाहत होता. टाकी रिकामी होत आलेली, खालचे शेजारी दारात, आणि सासूबाई नुसत्या खुर्चीत बसलेल्या.

"आई, तू उघडा ठेवलास?" नवऱ्याने विचारलं.

सासूबाईंनी नळाकडे पाहिलं. "राहिला असेल रे," म्हणाल्या.

मग हे वरचेवर होऊ लागलं. सासूबाई एकट्या घरी असल्या की नळ उघडा. नवऱ्याचं डोकं फिरलं. "आज नळ राहिला, उद्या गॅस राहील! हिला एकटीला ठेवायचं कसं? ताईकडे पाठवू. तिकडे घरात सतत माणसं असतात."

सासूबाईंनी मान हलवली आणि कपाट आवरायला घेतलं. या घरात पाऊल टाकल्यापासून सुनेला आईची माया मिळाली ती याच बाईकडून, आणि सगळ्या भाच्यांचे वाढदिवस तोंडपाठ असणारी ही बाई विसराळू? तिला ते पटेना.

सासूबाईंना बॅग घ्यायला दोघी बाजारात निघाल्या, तेव्हा सुनेने नळ स्वतः बंद केला. तोटीखाली हात धरून पाहिला. कोरडा. आधी सासूबाईंना बाहेर काढलं, मग कुलूप लावलं. परत आल्या तेव्हा पाण्याचा आवाज जिन्यातच ऐकू आला.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू आईची बाजू घेतेयस. मला कळतं. पण रविवारी ती जाणार."

सुनेने प्लंबरला परत बोलावलं. त्याने नळ खोलून पाहिला, पुन्हा जोडला. "नळ ठणठणीत आहे, वहिनी. आपोआप नाही उघडायचा. कोणीतरी चावी फिरवतंय."

"कुठल्या बाजूला?"

"उघडायचा म्हणजे डावीकडेच की."

सुनेला सासऱ्यांची सवय आठवली: बाहेर पडताना चावी डावीकडे दाबायची. कोणी नळ उघडत नव्हतं. कोणीतरी तो नेमाने बंद करत होतं.

"मला तो पुन्हा उलटा करून द्या," ती म्हणाली.

प्लंबरने हात जोडले. "असलं काम माझ्याकडून नाही व्हायचं. माझं नाव खराब होईल."

मग ती स्वतःच दुकानात गेली. "गरम बाजूचा स्पिंडल द्या. हो, उलटाच हवाय." घरी येऊन तिने पाण्याचा कॉक बंद केला, सासऱ्यांचा पान्हा काढला. पान्हा निसटला, बोटं सोलवटली, एकदा तर नळीत उरलेलं पाणी तोंडावर उडालं. सासूबाई न बोलावता बॅटरी धरून शेजारी उभ्या राहिल्या. अखेर नळ उलटा फिरला.

सुनेने तो मुद्दाम थोडा सोडून ठेवला, कुलूप लावलं आणि सासूबाईंना घेऊन खालच्या रस्त्याने चालून आली. परतताना जिना चढवेना. आत काय असेल याची भीती होती, आणि काहीच नसेल याची त्याहून जास्त.

स्वयंपाकघर शांत होतं. चावी डावीकडे दाबलेली, तोटीखाली थेंब नाही. ओट्यापाशी कोणी नव्हतं, तरी सुनेने पदराशी चाळा करत नकळत थोडी जागा सोडली.

"नळात दोष होता, मी काढला, असं सांगते मी यांना," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कुठेही जायचं नाही. पण आई, तुम्हाला माहीत होतं ना? मग सगळं स्वतःवर का घेतलंत?"

सासूबाईंनी ओट्यावरून हात फिरवला.

"मी विसराळू ठरले तर मला लेकीकडे पाठवाल," त्या म्हणाल्या. "त्यांचं कळलं असतं, तर त्यांना कुठे पाठवलं असतंत?"