झोपतानाची गोळी

देवळातून आलेल्या नवऱ्याच्या पायांकडे पाहून चंदनबालानं कपाळाला हात लावला. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात भलत्याच कुणाची. जवाहर मगदूम सांगलीच्या भर पेठेतून तसेच चालत आले होते आणि तळव्यांना पत्ता नव्हता.

दिवसा पायांत मुंग्या, रात्री आग. शेवटी लेकीनं, ब्राह्मीनं, दोघांना साताऱ्याला बोलावलं आणि वडिलांच्या, आप्पांच्या, रक्तदाबाच्या तिथल्याच जुन्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी अंगठ्याला टाचणी टोचून पाहिली. म्हणाले, प्रेशरची ही गोळी मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतली, की कुणाकुणाच्या नसा बधिर होतात. मात्रा उतरवायला हवी. पण सकाळचं प्रेशर दरवेळी चढलेलंच, मग उतरवायची कशी?

"झोपतानाची गोळी झोपतानाच घेता ना?"

जवाहरनी बायकोकडे पाहिलं. ती पदराचा काठ चाचपत राहिली. आईच्या अंतसमयी त्यांनी नेम घेतला होता, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. म्हणून झोपतानाची गोळी ते संध्याकाळच्या गोळीबरोबरच, उन्हं असतानाच उरकत. पहाटेपर्यंत औषधाचा अंमल सरे, सकाळी प्रेशर वर जाई, डॉक्टर मात्रा वाढवत. हे कोडं त्यांना आत्ता, या खुर्चीत उलगडलं. खरं सांगावं तर नेम मोडा म्हणतील, आणि लेकीला इतकी वर्षं मारलेली थापही उघडी पडेल.

तरी त्यांनी तोंड उघडलं.

"आप्पांवर घड्याळ लावून घ्यावं, डॉक्टर," ब्राह्मी कौतुकानं म्हणाली. "एक गोळी चुकवत नाहीत."

जवाहरनी मान डोलावली.

डॉक्टरांनी मात्रा होती तशीच ठेवली आणि नसांसाठी जीवनसत्त्वाची एक गोळी जोडून दिली. तीही झोपताना.

यवतेश्वराच्या डोंगराआड ऊन कलायच्या आत ब्राह्मीनं पानं वाढली. ती आत वळताच चंदनबाला पुटपुटली, "अवं, पाय जातील हं. मग देवळात काय पाठुंगळी नेऊ?"

"नेम तुझाही आहे."

"मी कुठं गोळ्या खाते?"

गोळीपुरती नेमातून सूट मिळते का, मुनिमहाराजांना विचारू या, ते म्हणाले. इतकी वर्षं कुणी अडवलं होतं, तिनं विचारलं.

त्यांनी तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि दिवसाचा शेवटचा पेला घटाघटा रिकामा केला.

"आप्पा, नवी गोळी लक्षात आहे ना?" आतून ब्राह्मीनं विचारलं.

"हो गं," ते म्हणाले. "झोपताना घेतो."