दुधी काचेमागचा उजेड

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे, आणि आज मी चिडलेली आहे हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखी पेटी दवाखान्यात पाहिली असेल. पुढे दुधी काच, आत दोन ट्यूबलाइट, वर चिमटे. चिमट्यात एक्स-रेची फिल्म अडकवायची आणि बटण दाबायचं, की हाड न् हाड उजेडात येतं. माझ्या नशिबी मात्र दवाखाना नव्हता. कारखान्यातून मला थेट एका विमा कंपनीच्या कचेरीत आणलं आणि अपघाताचे दावे तपासतात त्या खोलीत भिंतीवर ठोकलं.

सुरुवातीला माझा काय थाट होता! कंपनीच्या डॉक्टरबाई तेव्हा रोज यायच्या. त्यांनी कितीतरी वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली होती. दावा आला की त्या आधी फिल्म माझ्यावर लावत आणि मगच कागद वाचत. मोडलेल्या हाडाच्या कडा धारदार असल्या तर मोड ताजी, बोथट झाल्या असल्या तर जुनी, हे त्या कारकुनांना बोट ठेवून दाखवत. खोटा दावा माझ्यापुढे टिकत नसे आणि खरा अडकून पडत नसे. ही पेटी आहे म्हणून माझी नोकरी आहे, असं बाई म्हणाल्या की मी फुशारून जायचे.

मग नवे साहेब आले. त्यांना सगळं झटपट हवं होतं. डॉक्टरबाईंनी आठवड्यातून एकदाच यायचं आणि फक्त मोठे दावे बघायचे, असं ठरलं. उरलेल्यांसाठी साहेबांनी स्वतःच नियम काढला. अपघाताच्या दिवशीची फिल्म खरी, नंतरची संशयाची. पहिल्या अहवालात हाड शाबूत असलं की दावा बंद. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? आणि माझ्या तोंडावर त्यांनी रजांचं कॅलेंडर चिकटवलं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचंही डोकं फिरलं असतं.

अशातच एक सासू-सून कचेरीत आल्या. सून केस कापायचं दुकान चालवायची. एका मालवाहू गाडीने तिच्या स्कूटरला उडवलं आणि ती उजव्या हातावर आपटली. त्या गाडीचा विमा आमच्याकडे होता. पहिल्या फिल्ममध्ये काहीच दिसलं नाही. दुखणं थांबेना म्हणून काही आठवड्यांनी दुसरी काढली, तर मनगटातलं एक छोटं हाड मोडलेलं. ऑपरेशन लवकर करा, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पण आमच्या कंपनीने खर्च मान्य केल्याशिवाय तिला ते परवडणारं नव्हतं. साहेबांनी कळवलं की ती नंतर घरीच कुठेतरी पडली असणार. म्हणजे सरळसरळ सुनेला खोटारडी ठरवून मोकळे झाले!

दोनदा सासू-सुनेला दारातूनच वाटेला लावलं. पुन्हा आल्या तेव्हा नेमक्या डॉक्टरबाई खोलीत होत्या. साहेब आपला नियम सांगू लागले, तशी सासू त्यांना वळसा घालून बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"माझं आणि हिचं घरात पटत नाही, ते सोडा," ती म्हणाली. "पण ही खोटं बोलत नाही. लोकांचे केस कापणारी बाई, आता हिची वेणी मला घालून द्यावी लागते."

डॉक्टरबाईंनी सुनेला अंगठा ताणायला सांगितला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, त्यात त्यांनी हलकेच बोट दाबलं. सुनेने हात झटकन मागे घेतला. बाई उठल्या आणि माझ्यावरचं कॅलेंडर ओढून काढलं. मी आधी जराशी फडफडले, पण पेटले. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लागल्या.

"हे हाड काजूएवढं असतं," बाई साहेबांना म्हणाल्या. "पडल्या दिवशी मोडलं तरी पुष्कळदा दिसत नाही. म्हणून तर दाबून बघतात आणि पुन्हा फिल्म काढतात. या दुसऱ्या फिल्ममध्ये भेगेच्या कडा झिजायला लागल्यात, म्हणजे मोड अपघाताच्याच वेळची आहे. आणि या हाडाला रक्त कमी पोचतं. थांबवून ठेवलं तर त्याचा तुकडा मरतो. तुम्ही ही फाईल मला दाखवलीच नाही."

साहेबांनी मान खाली घालून दावा मंजूर केला. ऑपरेशनही झालं. पण तोवर हाडाचा तुकडा मेला होता. डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं, अंगठ्यात जोर मात्र परत आला नाही. शेवटच्या कागदांवर सही करायला सासू-सून आल्या तेव्हा दुकान दुसऱ्या कुणाला चालवायला दिलं होतं.

"उशीर झाला, पण तुमचं काम झालं बघा," साहेब हसून म्हणाले.

"हिच्या अंगठ्यावर बोट ठेवायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता?" सासूने विचारलं.

साहेब कागद चाळत राहिले. सुनेने पेन डाव्या हातात घेतलं. सही जमेना, तेव्हा सासूने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी आमची निगा राखा, अशी विनवणी करतात. मला ती करायची नाही. माझी धूळ पुसू नका, ट्यूब बदलू नका, हवं तर भंगारात काढा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी दुखण्यावर होय की नाही लिहायची खुर्ची तुम्हाला मिळेल. तेव्हा समोरचा माणूस इथे दुखतंय म्हणाला, तर त्याला खोटा म्हणण्याआधी, ज्याला कळतं अशा कुणाला तरी तिथे बोट ठेवून बघायला सांगा. आणि ते त्याच दिवशी सांगा.