तेजोबाबाचा काळा फोटो

माझा धाकटा भाऊ शिवलिंगप्पा याच्या दुकानामागच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या चौसाळा गावात कॅमेऱ्याचा मोबाईल तेव्हा नवा. तेजोबाबा त्यावर फोटो काढून माणसाचं पाप-पुण्य दाखवी. मोबाईलही भावाचाच, बाबाचं फक्त बोट.

भावाचा चेहरा असा उजळ आला की कपाळावरचं भस्मसुद्धा स्पष्ट दिसत होतं. त्याची सून अपेक्षा हिचा मात्र काळा ठिक्कर.

"पोरगी वाईट न्हाई," बाबा मधाळ आवाजात म्हणाला, "तिच्यात बसलंय ते वाईट हाय. आजच माहेरी धाडा."

भाऊ सुनेची पिशवी भरायला सांगू लागला. तिनं बाबाच्या पायाचं तीर्थ नाकारलं होतं, हे सगळे विसरले. मी विसरले नव्हते. माझी थोरली बहीण बसम्मा अशाच एका बाबाच्या शब्दावर सासरहून परत आली आणि आमच्या ओसरीवर झुरून गेली. तिच्या लग्नातला फोटोवालाही मला आठवत होता. काळं फडकं डोक्यावर घेऊन तो ओरडायचा, उजेड पाठीवर नको, तोंडावर घ्या.

मी खोलीकडे पाहिलं. उजेडाला एकच दार, दुकानात उघडणारं. मानाचा माणूस दाराकडे तोंड करून बसतो. सुनेनं गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं नाही, म्हणून तिची दाराकडे पाठ. रीत आमच्याच घरची. बाबानं ती हेरली.

मी हात जोडले. "महाराज, तुमी आमच्या सुनेच्या जागी बसा. जागा पवित्र व्हईल."

भक्तांपुढं त्याला नाही म्हणता येईना. बटण मी अपेक्षाला दाबायला लावलं. दाढी, माळा, कफनी, सगळं मिळून एक काळं गाठोडं.

"अक्का, हे कावून असं?" भाऊ पुटपुटला.

"ह्यांच्यात बी बसलंय की कायतरी. धाडा ह्यांना माहेरी."

मग अपेक्षाला दाराकडे तोंड करून बसवलं. फोटोत तिच्या नाकातली चमकीसुद्धा चमकली. एवढ्याशा कॅमेऱ्याचा डोळा दुबळा. मागं ऊन असलं की तो उन्हालाच भुलतो आणि पुढचं तोंड अंधारात जातं. एवढीच करणी.

बाबा चपला टाकून पळाला. मला तेवढ्यानं पुरलं नाही. बाबाचा तो काळा फोटो बीडहून कागदावर काढून आणला आणि दुकानात तराजूच्या वर टांगला. हा कोण, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी नाव-गावासकट सांगते. बसम्माच्या वाटणीचंही सांगते. खाली गल्ल्यावर अपेक्षा बसते, दाराकडे तोंड करून.

तुमच्या लेकी-सुनेचं तोंड कुणी काळं दाखवलं, तर तिला तपासू नका. तिला कुठं बसवलंय, ते आधी बघा.