माझ्या नावाचा माड

आमच्याकडे मूल जन्मलं की परड्यात त्याच्या नावाचा माड लावतात. खड्ड्यात मूठभर मीठ, त्यावर कोंब फुटलेला नारळ. माझ्या विनीतचा माड आज कौलांच्या वर गेलाय. माझा राहिला पूर्णगडला, माहेरी. बायकांचे माड सासरी येत नाहीत.

विनीत लडाखात रस्त्यांच्या कामावर. त्याची सानवी तिकडेच जन्मली. मी परड्यात तिचा खड्डा खणून ठेवला नि सांगितलं, "पोरीला घेऊन ये, तिच्या हातून लावू." येतो येतो करत दोन वर्षं काढलीन. शेवटी वाडीतला भागोजी लडाखातल्या पलटणीत परत निघाला, त्याच्या पिशवीत नारळ घातला, मिठाची पुडीही दिली.

"काकी, तिकडे गवताला पण धाप लागते," तो म्हणाला.

"तू बंदूक सांभाळ. माडाचं मला कळतं."

थंडी सरल्यावर विनीतचा फोन आला. "आये, माड गेला. कुंडी घरात होती, तरी मातीचा दगड झाला."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाण्याचाच बर्फ झाला गो. नि पाऊस म्हणशील तर इथे येतच नाही. डोंगर एवढे, की ढग पलीकडेच रिकामे होतात."

हे मला शिकवायला नको. आंबा घाट चढून नणंदेकडे गेले की आपला पाऊस कसा पातळ होत जातो, ते बघितलंय मी. पुढे नुसती बाजरी नि बाभळी. याचा घाट जरा मोठा, एवढंच.

"मग तिथे उगवतं काय? तुमची डोकी?"

"ओढ्याकाठी वाळुंजाची झाडं होतात. फांदी रोवली की फुटते, आपल्या पांगाऱ्यासारखी. सानवीच्या नावाची रोवली आम्ही. तिनंच माती लोटली."

कुंडी उचलून आणता येते. जमिनीत लावलेलं झाड टाकून कोण येतो?

"म्हणजे तू येत नाहीस."

"आये, तसं नाही..."

"मग कसं?"

रेंज जातेय म्हणाला. मागे सानवी हसत होती, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.

सकाळी खड्ड्यातला पाचोळा काढला, मीठ टाकलं, नारळ ठेवला. शेजारची यमुनाबाई गडग्यावरून डोकावली.

"वयनी, नातीचा लावलात?"

"तिचं झाड लागलं तिकडे. हा माझा."

"या वयात?"

"फुटायचंय त्याला. माझं वय कशाला विचारतोय तो?"

ती हसत गेली. मी झावळं टेकवून सावली केली, कळशी ओतली. आता पावसापर्यंत रोज ओतावी लागेल. निदान परड्यात कुणीतरी माझी वाट बघेल.